मीटरला बोलतं करताना

हे कुणाला सांगायचं नाही, असं मामाने मला बजावलंय. मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे त्याचा माझ्यावर भरवसा आहे. पण लिहायचं नाही, असं काही तो म्हणालेला नाही! शिवाय आमच्या दुकानातल्या गोष्टी नुसत्या साठवून ठेवल्या, तर त्यांचं खोक्यात कोंबलेल्या वायरींसारखं होतं. एक ओढावी, तर गुंत्यासकट सगळ्याच बाहेर येतात.

दुकान थेरगावात आहे. मामा आणि आई मिळून चार्जर, इन्व्हर्टर दुरुस्त करतात. गाळा बापूंचा. बापू इथले जुने गाववाले. पूर्वी या जागेवर त्यांचा भुईमूग होता, आता गाळे आहेत. भाडं महिन्याने घ्यायचं असतं, पण बापू रोज येतात.

चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांचा मोठा चार्जर आहे. मामाने तो पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आणि तो पुन्हा पुन्हा मधेच बंद पडत राहिला. शेवटी तिथले साहेब म्हणाले, "पूर्ण शिफ्टचा व्होल्टेजचा ग्राफ काढून दाखवा. नाहीतर सगळे चार्जर दुसऱ्याकडे देतो."

त्या कंपनीच्या कामावर आमचं निम्मं दुकान चालतं. मामा छाती काढून म्हणाला, "देतो की साहेब, त्यात काय!"

आणि दुकानात येऊन त्याने आईला विचारलं, "ताई, ग्राफ कसा काढतात गं?"

*

आमच्या व्होल्टेज मोजायच्या मल्टीमीटरच्या पाठीवर एक बारीकशी खिडकी आहे. मीटर जे मोजतो, ते आकडे या खिडकीतून उजेडाच्या उघडझापीने बाहेर पाठवतो. हा उजेड टीव्हीच्या रिमोटसारखा, डोळ्यांना न दिसणारा. तो ओळखणारी केबल लॅपटॉपला जोडली की झाला ग्राफ. पण आमच्या जुन्या मीटरची केबल आता कुठेच मिळेना. मामा म्हणाला, "मग घरीच बनवू!"

आधी त्याने खिडकीला डोळा लावला. मग दुसरा डोळा लावला. मग जाहीर केलं, "आतला दिवाच गेलाय."

बापू म्हणाले, "उजेड दिसत न्हाई, तर त्याला दिवा कामून म्हंता?"

मामाने मीटर उघडायला स्क्रू-ड्रायव्हर काढला. मला मोठ्यांच्या मधे बोलायला जमत नाही. मी मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू केला आणि खिडकीसमोर धरला. स्क्रीनवर जांभळा ठिपका लुकलुकत होता. कॅमेऱ्याला तो उजेड दिसतो, हे आम्हाला शाळेत रिमोट घेऊन दाखवलं होतं.

मामाने स्क्रीनकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "पोरीचा मोबाईल बिघडलाय!"

*

उजेड ओळखणारा सेन्सर मामाने पुण्यातून आणला. त्याला दोन पाय असतात, एक लांब, एक आखूड. मामाने झोकात सोल्डरिंग केलं, केबल लॅपटॉपला लावली. काहीच नाही. परत सोल्डरिंग केलं. काहीच नाही. मग त्याने लॅपटॉपला नावं ठेवली.

आई लग्नाआधी भोसरीत एका कंपनीच्या सोल्डरिंग लाईनवर होती. तिने डाळ निवडता निवडता एकदा मान वर केली. "उलटा लावलायस. याचा लांब पाय मायनसला जातो."

"ताई, आयुष्यभर मी लांब पाय प्लसलाच लावत आलोय!"

"दिव्याचा. हा दिवा नाही, दिवा बघणारा आहे."

मामाने मुकाट्याने पाय बदलले. लॅपटॉपवर आकडे पळायला लागले!

आई परत डाळीकडे वळली. "लहानपणी चपलासुद्धा उलट्याच घालायचा."

*

आता सेन्सर खिडकीसमोर घट्ट बसायला हवा. जरा हलला की आकडे गायब. मामाने साबणाची डबी कापून बघितली, बाटलीचं झाकण बघितलं, माझा शार्पनरही बघितला. काहीच बसेना.

बापू तंबाखू मळत बसले होते. मळता मळता त्यांनी चुन्याची डबी काउंटरवर ठेवली. मामाने ती उचलली आणि मीटरच्या पाठीला लावली. अशी बसली, जशी कंपनीनेच बनवलीय!

"बापू, ही ठेवू का?"

"आन् मी काय करू?"

"नवी आणून देतो."

"नवीला येळ लागतोय रं मुरायला," बापू म्हणाले. पण दिली. मामाने भोक पाडलं, सेन्सर बसवला, डबी रबरबँडने मीटरला बांधली. तेव्हापासून मीटर हातात घेतला की तंबाखूचा वास येतो.

दुसऱ्या दिवशी बापू मीटरकडे निरखून बघत होते. मला म्हणाले, "मीटर थुकला, तर सांग मला."

*

पहिली मोठी चाचणी दुकानातच घेतली. दुपार होती, ऊन नको म्हणून शटर अर्धं ओढलेलं. मीटर लावला, ग्राफ सुरू झाला. मामा समोर खुर्ची टाकून बसला. "मी नजर ठेवतो."

थोड्या वेळाने आई आली. ग्राफ थांबलेला, मीटर काळा ठिक्कर. बटण दाबलं नाही की तो आपोआप झोपतो. चालू करतानाच एक बटण दाबून धरलं, तर जागा राहतो, हे आम्हाला नंतर कळलं.

मामाही खुर्चीत घोरत होता.

आई म्हणाली, "गौरी, दोघांनाही बटण दाबून चालू कर!"

*

आणि मग चाकण. लॅपटॉप माझा, आणि त्याचा पासवर्ड मामाला द्यायचा नाही असा आईचा हुकूम. म्हणून शाळेच्या सुट्टीत मीही गेले. कंपनीत चप्पल चालत नाही, म्हणून शाळेचे बूट आणि लांब काळे मोजे घालून.

मामाने मीटर चार्जरच्या लाईनला लावला. आणि आकडे वेड्यासारखे उड्या मारायला लागले! शेडच्या छताला मधेमधे पारदर्शक पत्रे होते. लख्ख ऊन थेट चुन्याच्या डबीच्या फटीतून आत. आमच्या दुकानात अर्ध्या शटरखाली हे कधी कळलंच नव्हतं.

मामाला घाम फुटला. "काहीतरी काळं पाहिजे. जाड."

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं.

मी खांबामागे जाऊन एक मोजा काढला. मामाने तो डबीसकट मीटरवर चढवला. आकडे एकदम शहाण्यासारखे वागायला लागले.

दिवसभर आम्ही तिथेच. चहाला आणि जेवायला बोलावलं की सगळ्यांबरोबर जायचो, परत आलो की चार्जर बंद! मामा तो चालू करायचा आणि कपाळाला हात लावायचा. "आपण उठलो की हा बसतो!"

शिफ्ट सुटताना साहेब आले. मामाचा चेहरा पांढरा. त्याला ग्राफ काढता आला होता, पण त्यातलं काही कळलं नव्हतं. साहेब मीटरकडे न बघता थेट लॅपटॉपवर वाकले. सरळ रेषेत मधेच खड्डे पडले होते. त्यांवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे काय आहे?"

मामाला वाटलं, मीटरवर काय चढवलंय ते विचारतायत. तो खाली मान घालून हळूच म्हणाला, "मोजा, साहेब."

"हं," म्हणून साहेबांनी चष्मा लावला. "एक... दोन... तीन." मग त्यांनी खड्ड्यांखालची वेळ वाचली. "सकाळचा चहा. जेवण. दुपारचा चहा. अहो, हे तर आमचं कॅन्टीन!"

साहेबांचा एक माणूस पळाला आणि बघून आला. कॅन्टीनचा नवा इलेक्ट्रिक बॉयलर चार्जरच्याच लाईनवर जोडला होता; तो लागला की व्होल्टेज पडायचं!

साहेबांनी मामाची पाठ थोपटली. "आमची पोरं नुसते अंदाज करत बसली. तुम्ही एका शब्दात दाखवलंत! काम तुमच्याकडेच राहील. पण हे सुचलं कसं तुम्हाला?"

मामाने माझ्याकडे बोट केलं. "साहेब, पहिलं पाऊल या पोरीने उचललं."

साहेब कौतुकाने माझ्याकडे वळले. मी बिनमोज्याचा पाय दुसऱ्या पायामागे लपवला. पण ते "कुठल्या शाळेत आहेस?" म्हणत खाली बघायला लागले, तेवढ्यात मामा पटकन माझ्या पुढे येऊन उभा राहिला. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "मोज्याचं कुणाला सांगायचं नाही!"

आई हाक मारतेय. आले गं आई, आले! मामाला सांगू नकोस मी काय लिहितेय ते.