हायवेच्या कडेचं बारसं

गेल्या जुलैतल्या एका शनिवारी दुपारी माझ्या मुलीचं बारसं वॉशिंग्टन राज्यातल्या एका स्टेट हायवेच्या कडेला झालं. नाव ठेवणारी आत्या, म्हणजे माझी बहीण, तेव्हा कोलंबिया नदीच्या पलीकडच्या काठावर होती.

हॉस्पिटलच्या कागदांवर मुलीचं नाव आधीच लागलं होतं. पाळण्यातलं नाव मात्र आत्याने निवडायचं आणि बारशापर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. बहीण लांब, देशाच्या दुसऱ्या टोकाकडे ट्रॉयला राहते. ऑफिसच्या कामासाठी ती नदीपलीकडे पोर्टलंडला आली होती आणि संध्याकाळच्या विमानाने परत जाणार होती. म्हणून आम्ही रेडमंडहून येऊन नदीकाठच्या पार्कमध्ये बारसं ठेवलं.

नदीच्या दोन्ही काठांनी रस्ते आहेत. आमच्या बाजूला स्टेट हायवे, समोर ऑरेगनमध्ये इंटरस्टेट, म्हणजे मोठा महामार्ग. बहीण इंटरस्टेटने आली. वाऱ्यामुळे नदीवरचा पूल बंद होता आणि वळसा घालून आली असती, तर विमान चुकलं असतं. ती आमच्या समोरच्या काठावरच गाडी लावून थांबली. दुर्बिणीतून तिची हिरवी साडी दिसत होती.

"नाव टेक्स्ट करायला सांगा ना यार," मेहुणा म्हणाला. "भूक लागलीय."

"नाव कानात सांगतात," सासूबाई म्हणाल्या. "तोवर मसालेभाताला हात लावायचा नाही."

पार्कमध्ये सिग्नल नव्हता. तो फक्त हायवेच्या कडेला मिळत होता. पाळण्याऐवजी झेंडूची माळ बांधलेली कारसीट मुलीसकट तिथे नेली. बायका वाऱ्याच्या बाजूने पदर धरून उभ्या राहिल्या. मी फोन लावून मुलीच्या कानाशी धरला. स्पीकर लावू द्यायला सासूबाई तयार नव्हत्या. 'कुर्र' एवढं मला ऐकू आलं. मग लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक धडधडत गेला. मुलीने जांभई दिली. कॉल तुटला आणि पुन्हा लागला नाही.

"काय ठेवलं?" बायकोने विचारलं.

"ऐकू आलं नाही."

"मग बारसं झालं की नाही?" मेहुणा म्हणाला.

"जिचं नाव तिला कळलं. झालं," सासूबाई म्हणाल्या.

नाव सांगून झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. फोन माझ्या हातात असल्यामुळे ते मला पडले. समोर बहिणीने हात हलवला आणि ती गाडीत बसली.

जेवणं आटोपून आम्ही निघालो. पुढच्या गावाजवळ सिग्नल आला, तेव्हा तिचा मेसेज दिसला: "आवडलं का सगळ्यांना?"

मी फोन लावला. तिचा बंद होता. तिचं विमान वेळेवर सुटलं होतं.