माळवदावरची जवारी

सासरी मिठाला कुलूप होतं. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण होतं. घाटनांदूरकडच्या त्या घरात दावणीला बैल होते, पेवात जवारी होती, माणसं तर मोजता येणार नाहीत इतकी होती, आणि मीठ मात्र सासूबाईंच्या पेटीत. स्वयंपाक सुनांनी करायचा आणि मीठ सासूबाईंनी येऊन घालायचं, अशी रीत. बाकी सगळं शेतात पिकतं, मीठ तेवढं विकत आणावं लागतं, म्हणून त्या ते चिमटीनं घालायच्या, तेही हात आखडून. घरातले पुरुष मान खाली घालून ते अळणी कालवण मुकाट ओरपायचे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावातल्या भांडणांचा निवाडा करणारा माणूस, तेसुद्धा ताटावर गप्प. मी शिरूरकडची, माहेरी खारट-तिखट खाऊन वाढलेली. पहिल्या वर्षात मी जेवताना कितीदा रडले ते माझं मला माहीत, आणि ते सासुरवासामुळं नाही, आमटीमुळं.

आमचे हे त्या घरातले एकटे शिकलेले. सरकारी शाळेत कचेरीची भाषा म्हणून उर्दू शिकले आणि नांगराला हात लावीनासे झाले. तालुक्याच्या गावी कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचं काम त्यांनी धरलं. तिथं घराण्याचं एक दोन खणांचं मातीचं घर बरीच वर्षं बंद पडलेलं होतं. तिथं बिऱ्हाड करू द्या, असं यांनी मामंजींना विचारलं, तेव्हा मी दाराआड उभी राहून श्वास रोखून ऐकत होते.

"ऱ्हावा," मामंजी म्हणाले. "पर पोळ्याआधी म्या येऊन बघणार. माळवद गळत आसलं तर बिस्तरा बांधायचा अन् गपगुमान माघारी यायचं. मग पुन्हा येगळं व्हायचं नाव काढायचं न्हाई."

माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. तुळयांवर फळकुटं, त्यावर पाला आणि त्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. त्या एका थरावर माझी आमटी अवलंबून होती.

नव्या घरात मी पहिल्या दिवशी उतरंड रचली. खाली मोठं मडकं, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. यांची कमाई कधी संस्थानच्या हाली रुपयात यायची, कधी पायलीभर तुरीत, कधी नुसत्या दुव्यांत. जे हातात पडेल ते मी वाटून टाकायची. सगळ्यात वरच्या गाडग्यात तेल-तिखट, मधल्यात पाहुणे आणि सगळ्यात खालच्या मडक्यात माळवद. खालच्या पैशाला हात लावायचा तर अख्खी उतरंड उतरवावी लागते आणि एवढे कष्ट आमचे हे करणार नाहीत, हा माझा हिशोब. तो बरोबर निघाला. यांना पान-सुपारीला पैसे लागले की हे पाहुण्यांच्या मडक्यापर्यंत यायचे आणि दमायचे. त्यामुळं त्या वर्षी आमच्याकडं आलेल्या पाहुण्यांना गूळ-पाणी मिळालं नाही, पण माळवदाचे पैसे साठले.

पांढरी माती गावाबाहेरच्या जुन्या टेकाडावरून गाढवांवर लादून यायची. ती खारी असते, तिच्यावर गवत उगवत नाही आणि पाणी झिरपत नाही. मी मातीवाल्याशी भाव करून ठेवला होता. तेवढ्यात एका संध्याकाळी हे तरातरा घरी आले, चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, यांना कचेरीत नोकरी लागली.

"अर्ध्या मातीचा इंतजाम झाला! फुकट!"

"कुठून?"

"एका पक्षकाराकडून. अर्जाचे पैसे न्हाईत म्हणला. मग म्या म्हणलं, गाडीभर माती टाक."

खरोखर दुसऱ्या दिवशी दारात गाडी रिकामी झाली. मी मुठीत घेऊन बघितली. बारीक, पिवळट, भुशानं भरलेली माती. मातीत भुसा लागतोच, नाहीतर ती तडकते. म्हणजे भुशाचेही पैसे वाचले! मीही हरखले. ते खळ्यावरचं मातेरं होतं, मळणी झाल्यावर खाली उरलेलं खरडून आणलेलं, एवढं दोघांनाही कळलं. त्यात आणखी काय असतं याचा विचार दोन शेतकऱ्यांच्या पोरांना शिवला नाही. निम्मी पांढरी, निम्मं मातेरं कालवलं आणि पदर खोचून, धोतराचा काचा मारून आम्ही दोघांनी माळवदावर थर दिला.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. सगळा तालुका आभाळाकडं हात जोडून होता आणि आम्ही दोघंच माळवदावर माती चोपत मनात म्हणत होतो, अजून थोडा थांब रे बाबा. शेजारच्या बायका म्हणायच्या, "लई वाईट दिस आले." मी मान हलवायची आणि खाली येऊन हसायची.

वाचलेल्या पैशांतून यांना खुर्ची घ्यायची होती. खुर्चीवर बसणाऱ्याला लोक अर्जाचे जास्त पैसे देतात, असं यांचं म्हणणं. मी म्हटलं, खुर्चीवर बसून अळणी खायचं आहे का? वडवणीच्या बाजारातून मी चिनी मातीची मोठी बरणी आणली आणि वर्षभराचं खडेमीठ घेऊन ती गळ्यापर्यंत भरली. बरणीला कुलूप नव्हतं. त्या रात्री मी आमटीत मूठभर मीठ घातलं. हे पहिल्या घासाला ठसकले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "झक्कास." इतकं सुख मला पुढं फार कमी वेळा झालं.

श्रावण लागला आणि भुरभुर सुरू झाली. माळवद गळलं नाही. एक दिवस मी पाणी भरून परत येत होते तर गल्लीत माणसं थांबून आमच्या घराकडं बघत होती. वर पाहिलं. आमच्या माळवदावर हिरवीगार जवारी डुलत होती. मातेऱ्यात सांडलेला दाणा न् दाणा उगवला होता. गावच्या शेतात दुबार पेरणीची वेळ आली होती आणि आमच्या घरावर असं पीक की बघत राहावं.

"आवो अर्जनवीस, सारा भरला का वरच्या रानाचा?" एकानं खालून विचारलं. हे हसले नाहीत.

मी घरात शिरले तर तुळईपाशी ओल धरली होती. मुळं खाली उतरत होती आणि मुळांमागून पाणी. पोळा तोंडावर आलेला. मला ती पेटी दिसायला लागली, पेटीची किल्ली, सासूबाईंची चिमूट. मी चुलीपुढं बसून मोठ्यांदा रडले.

"रडू नकू. म्या करतो इंतजाम," हे म्हणाले आणि शेजारणीची शेळी घेऊन आले.

उपटलं तर भोकं पडतील, कापलं तर पुन्हा फुटेल, शेळीनं बुडख्यापर्यंत खाल्लं की काम झालं, असा यांचा युक्तिवाद. शिडीवरून शेळी खांद्यावर घेऊन जाणारा अर्जनवीस बघायला पुन्हा गल्ली जमली. शेळी वर गेली, दोन घास खाल्ले आणि तिला साणं दिसलं. साणं म्हणजे चुलीचा धूर जायला माळवदाला ठेवलेलं भोक. तिनं त्यातून डोकं आत घातलं आणि मला बघून बें बें करायला लागली. मी खालून पळी दाखवली तशी ती बिथरून वर नाचायला लागली. तेवढ्यात शेजारीण किंचाळत आली.

"कोवळी जवारी चारता व्हय माझ्या शेळीला? इख आसतंय त्याच्यात! कुणब्याच्या पोटी जल्मला अन् येवढं ठावं न्हाई?"

हे वर, शेळी वर, आणि दोघंही खाली यायला तयार नाहीत. शेवटी शेळी वाचली. माळवदावर मात्र तिच्या खुरांची भोकं आणि जवारी जिथल्या तिथं.

मग मला माहेर आठवलं. आई पावसाळ्याआधी माळवदावर मीठ फेकायची, गवत जळावं म्हणून. मी बरणीकडं बघितलं. बरणी माझ्याकडं बघत होती. यांना कळलं.

"सगळं?" यांनी हळूच विचारलं.

"सगळं न्हाई. दोन मुठी ऱ्हाऊ द्या आमटीपुरत्या," मी म्हटलं आणि पदर डोळ्याला लावला.

खुरांची भोकं पांढऱ्या मातीनं बुजवली आणि मिठाचं पाणी करून घागरीमागून घागर वर नेली. आठवडा व्हायच्या आत जवारी पिवळी पडली, मग करपली. ओल सुकली. मी देवापुढं दिवा लावला.

मामंजी आले ते दिवेलागण झाल्यावर, बारीक पावसात. गाडीत बिस्तरा बांधायला सोल, म्हणजे जाड दोर, घेऊनच आले होते. पाय धुतले, घोंगडीवर बसले आणि डोक्याचा पांढरा पटका सोडून त्यांनी तुळईच्या बरोबर खाली जमिनीवर पसरला. एवढासा थेंब पडला तरी दिसावा म्हणून. बाहेर पाऊस वाढला. आम्ही दोघं पटक्याकडं बघत बसलो. पटका कोरडा राहिला.

मी आनंदानं आमटीला फोडणी दिली आणि बरणीत हात घातला. बरणी रिकामी. बाहेर येऊन यांना खूण केली. यांचा चेहरा पडला.

"साण्यापाशी एक हिरवा कोंब दिसला, म्हणून..."

दिवा लागल्यावर कुणी कुणाला मीठ देत नाही, लक्ष्मी जाते म्हणतात. शेळीच्या तमाशानंतर आमच्या गल्लीत तर मागायचीही सोय नव्हती. ज्या घरातून मी मिठासाठी निघाले, त्या घराच्या कर्त्या पुरुषापुढं मी अळणी आमटीचं ताट ठेवलं. जमीन दुभंगावी असं वाटलं.

मामंजींनी एक घास खाल्ला. थांबले. दुसरा खाल्ला.

"मीठ कुठं हाय?"

यांनी अर्जाला सुरुवात करावी तसा घसा साफ केला. मीच बोलले. पदराआडून, पण सगळं सांगितलं. मातेरं, जवारी, शेळी, बरणी. मामंजी ऐकत ऐकत ताट संपवून उठले आणि घोंगडीवर आडवे झाले. आम्हाला झोप आली नाही.

सकाळी शिडीवर पावलं वाजली. मामंजी वर होते. करपलेल्या बुडख्यांतली चिमूटभर माती त्यांनी जिभेवर ठेवली, थुंकले आणि खाली आले.

"माळवद राखलंय हिनं," ते लेकाला म्हणाले. "तू कशापायी शिकलास रं? मातेरं वळखता येत न्हाई तुला." मग गाडीतली सोल काढून माझ्यापुढं ठेवली. "ऱ्हाऊ दे. धुणं वाळवाया व्हईल."

मी पाया पडले. हे बैल जुंपायला गेले. मामंजींनी इकडंतिकडं बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी आवाज उतरवून बोलले.

"सूनबाई, बाजार झाला की मीठ आण. म्या पोळा झाल्यावर पुन्हा येतो." पटका डोक्याला गुंडाळला. "उभा जल्म तुझ्या सासूच्या हातचं अळणी खाल्लं. म्या काल माळवद बघाया आलो न्हवतो गं. नीट जेवाया मिळंल म्हणून आलतो."