लीलनॉच्या चढावर दम लागला नाही तेव्हा

तीन दिवसांची बॅग मी चार वेळा भरली आणि चार वेळा उपसली. १९८६चा जुलै होता. आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहायचो. तेव्हा तिथं घरांपेक्षा शेतंच जास्त होती. मी एकेचाळीस वर्षांची, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्या भागांची ड्रॉइंग्ज काढायची. दिवसभर खुर्ची आणि जायला-यायला गाडी. नागपुरात रोज सायकलनं कॉलेजला जाणाऱ्या मी अमेरिकेत आल्यावर बारा वर्षं सायकलला हातसुद्धा लावला नव्हता.

तो लावायला लावला डोरोथीनं. ही आमच्या ऑफिसची रेकॉर्डरूम सांभाळायची, वय अठ्ठावन्न, तब्येतीनं सडसडीत. आदल्या एप्रिलमध्ये तिनं आपली जुनी सायकल मला दिली आणि एका शनिवारी सकाळी तिच्या ग्रुपबरोबर मला घेऊन गेली. चौथ्या मैलाला मी रस्त्याकडेच्या गवतात बसले. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बाकीचे पुढे निघून गेले, डोरोथी थांबली. "पुढच्या शनिवारी पाच मैल," एवढंच म्हणाली. मग बर्फाचे महिने सोडले तर दर शनिवारी ती पुढे आणि मी तिच्या मागे. समोरचा वारा ती झेलायची, मी तिच्या आडोशानं चालवायची.

या ग्रुपनं मिशिगनच्याच उत्तरेकडच्या लीलनॉ द्वीपकल्पाची राइड ठरवली. तीन दिवस, सव्वाशे मैल. मी नाव दिलं आणि लगेच पस्तावले.

"झेपलं नाही तर फोन कर, मी घ्यायला येतो. चार तासांचा तर ड्राइव्ह आहे," मोहन, माझा नवरा, म्हणाला.

अकरा वर्षांची नेहा सीरियल खाता खाता म्हणाली, "आई, यू आर गोइंग टू डाय."

शुक्रवारी पहाटे गाड्यांच्या रॅकवर सायकली बांधून आम्ही नऊजण निघालो. ट्रॅव्हर्स सिटीला गाड्या लावल्या, सँडविच खाल्लं आणि सायकलींवर बसलो. पहिले पंधरा मैल अगदी सोपे. उजव्या हाताला सरोवराचं निळंशार पाणी, रस्ता सपाट. चेरीचा हंगाम होता. एका बागेबाहेर टेबलावर चेरीच्या पिशव्या आणि शेजारी पत्र्याचा डबा. विकणारं कोणी नाही. डब्यात एक डॉलर टाकायचा आणि पिशवी उचलायची. आम्ही तिथेच उभ्या उभ्या दोन पिशव्या संपवल्या.

सटन्स बे गावानंतर रस्ता किनारा सोडून टेकडीवर चढतो. माझ्या शेजारी बॉब होता. तिशीचा, ग्रुपमध्ये नवीन, कॉलेजात पोहण्याच्या टीममध्ये असलेला. त्यानं विचारलं, "तू सायकल कुठे शिकलीस?" मी सांगायला लागले. नागपूरचा मे महिना, दुपारी दोनला सुटणारं प्रॅक्टिकल, डोक्याला ओला पंचा, चटका देणारी सीट, आणि साडीचा काठ चेनमध्ये अडकला म्हणून भर चौकात पडलेली मी. सुरुवातीला बॉब "हो का?" म्हणत होता, मग नुसतं "हं", मग तेही नाही. मला वाटलं, कंटाळला बिचारा. तरी गोष्ट अर्धी कशी सोडायची, म्हणून पूर्ण सांगितली.

रस्ता सपाट झाला. पुढे पोचलेले लोक झाडाखाली थांबले होते. बॉबनं हँडलवर डोकं टेकवलं आणि धापा टाकत म्हणाला, "तू... सगळा चढ... बोलत होतीस."

मी मागे वळून पाहिलं. खाली किती लांबवर तो रस्ता, आणि त्याच्या टोकाला बोटभर दिसणारं पाणी! मागच्या उन्हाळ्यात याच्या निम्म्या चढावर मला "पाणी" एवढा शब्दही उच्चारता येत नव्हता. माझ्या छातीत एवढी जागा कधी झाली, मला कळलंच नव्हतं. डोळे भरून आले म्हणून मी उगीचच टायर दाबून पाहिलं.

लीलंडला मोटेलात मुक्काम होता. बाकीच्यांनी धुरी दिलेले मासे खाल्ले, मी ग्रिल्ड चीज. पण घरून नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांवर सगळेच तुटून पडले. घामानंतर असं खारट काही फार बरं वाटतं. शाकाहारी असाल तर असलं काहीतरी जवळ ठेवाच.

दुसरा दिवस पन्नास मैलांचा, फ्रँकफर्टपर्यंत. वारा थेट तोंडावर. नेहमीसारखी डोरोथी पुढे, मी तिच्या मागे. एम्पायर गाव मागे पडलं आणि तिची सायकल डुलायला लागली. थांबलो. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. सकाळी तिनं नुसती कॉफी घेतली होती. बाकीचे खूप पुढे गेले होते, जवळ फोनही नव्हता. मी तिला सावलीत बसवून केळं आणि उरलेल्या पुऱ्या खायला घातल्या. अर्ध्या तासानं तिच्या गालांवर रंग आला.

"तू जा. मी हळूहळू येते," ती म्हणाली.

"मुळीच नाही. तू माझ्या मागे ये."

बोलून गेले आणि मग हिशेब केला. वीस मैल बाकी होते आणि पुढे राहून वारा मी कधीच झेलला नव्हता. वाटेत माझेच पाय गळाले तर? पहिले दोन मैल मी फक्त पुढचा विजेचा खांब बघत होते. तो आला की त्याच्या पुढचा. मग कधीतरी खांब बघायचं विसरले. मांड्या दुखत होत्या, पण थांब म्हणत नव्हत्या.

मागून आवाज आला, "जरा हळू, प्लीज!"

डोरोथी मला हळू चालवायला सांगत होती! मी हसायलाच लागले, मग तीही हसली. फ्रँकफर्टला उतरल्यावर तिनं माझा दंड धरला. "वर्षभर माझी पाठ तू पाहिलीस," ती म्हणाली, "आज तुझी पाठ बघायला छान वाटलं."

तिसऱ्या दिवशी वारा पाठीशी होता. ट्रॅव्हर्स सिटीपर्यंत कसे पोचलो कळलंही नाही. कोणी जाणार असाल तर सप्टेंबरात जा, गर्दी कमी असते. आणि भूक लागायच्या आधी खा. हा सल्ला डोरोथीच्या अनुभवातून आलेला.

घरी आले तेव्हा मोहननं खिचडी करून ठेवली होती. दोन वाट्या खाऊन मी वजनकाट्यावर उभी राहिले. वर्षभरात अकरा पौंड कमी, बस. पण त्या रात्री कितीतरी वर्षांनी मी आपल्या पायांना तेल लावलं, तक्रार म्हणून नव्हे, आभार म्हणून.

आईला नागपूरला सविस्तर पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. 'मैल मला कळत नाहीत, म्हणून दादाकडून किलोमीटर करून घेतले. तो म्हणाला, नागपूरहून निघून अमरावतीच्याही पुढे, मूर्तिजापूरपर्यंत. मी शेजारी सगळ्यांना सांगितलं.' आणि खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात: 'लग्नाआधी मी भावाच्या सायकलवर एकदा बसले होते. दोन पायडल मारले आणि पडले. पुन्हा कोणी बसू दिलं नाही. ते दोन पायडल मला अजून आठवतात.'