हैल सुवैदची राखण

मुरलीधर परब यांच्याबरोबर सहलीला जायचं म्हणजे दोन गोष्टी सोसायची तयारी लागायची, त्यांची शिट्टी आणि त्यांची माहिती. शिट्टी खरोखरची, पीटीच्या सरांची असते तशी, गळ्यात दोरीला बांधलेली. माहिती मात्र कुठे लिहिलेली नसायची. रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात हा माणूस अठ्ठावीस वर्षं नोकरीला होता, आधी भट्टीवर आणि मग क्वालिटी कंट्रोलमध्ये. सुट्टीच्या दिवशी अबू धाबी आणि दुबईहून येणाऱ्या मराठी कुटुंबांना त्या अमिरातीचा दक्षिणेकडचा डोंगराळ मुलूख दाखवत हिंडायचं, हा त्यांचा छंद. गरम पाण्याचा झरा, टेहळणीचे बुरूज, खजुराच्या बागा, जुनी थडगी. एक दिरहॅम घ्यायचे नाहीत. "कोकणातला माणूस आणि फुकट?" असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "सुचित्रा, तू एचआरमधली. तुला माणसाची किंमत काढायची सवयच लागलीय."

मी अल रीम आयलंडवर चोविसाव्या मजल्यावर राहते. तिथे सगळं नवं आहे, त्यामुळे जुनं बघायला दोन तास गाडी हाकत जायची मला हौस होती. भुताखेतांची मात्र अजिबात नव्हती. असल्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी तोंडावर हसते आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

हैल सुवैद हे त्यांच्या यादीतलं शेवटचं ठिकाण. डोंगराच्या कुशीत चाळीसेक दगडी घरं, बहुतेकांची छपरं बसलेली. एक लहानशी मशीद, एक गोल बुरूज आणि पाण्याचा कोरडा पाट. पन्नासेक वर्षांपूर्वी खाली रस्त्याच्या कडेला वीज-पाण्याची पक्की घरं मिळाली आणि सगळं गाव आठवड्याभरात उतरून गेलं. लढाई नाही, रोगराई नाही, कसलं पाप नाही. त्यांची नातवंडं अजून खाली राहतात, ईदच्या आधी वर येऊन मशीद झाडून जातात. म्हणजे तिथे भीती वाटावी असं काहीही घडलेलं नाही.

पार्किंगपाशी लियाकत नावाचा पहारेकरी असतो, पाकिस्तानातल्या स्वातचा. तिकीट वगैरे नाही, फक्त वहीत नाव लिहून घेतो. दुपारी बाराच्या सुमारास तो वर पाऊल टाकत नाही. मी कारण विचारलं तर चहा गाळत म्हणाला, "मॅडम, ऊपर कोई नहीं रहता. मगर जगह खाली भी नहीं है."

मी पहिल्यांदा गेले ते दोन हजार अठराच्या जानेवारीत. आम्ही अकरा जण होतो. घरं बघून झाली, फोटो काढून झाले, आणि बरोबर बाराला मुरलीधरदादांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना पहिल्या घराच्या उंबऱ्यापाशी उभं केलं. पिशवीतून नारळ काढला, डोक्यावरची टोपी काढली आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. सिंधुदुर्गातल्या माणसाला हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे किंवा जागेच्या राखणदारापुढे मोठ्याने घातलेलं मागणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला होकार भरायचा. तिकडे प्रत्येक गावाला, बागेला, पाणवठ्याला राखणदार असतो. तो दिसत नाही. त्याला वर्षातून एकदा त्याचं द्यायचं, त्याला राखण देणं म्हणतात.

"बा म्हाराजा, आज तुज्या जाग्यात इलेली ही लेकरा," दादा खणखणीत आवाजात म्हणाले. "तेंका सुखरूप घराक पोचव."

"व्हय म्हाराजा," आम्ही हसत हसत म्हणालो.

"कोणाचा काय चुकला आसात, ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

या दुसऱ्या वेळी माझं हसू थांबलं. आमच्या होकाराच्या किंचित आधी, मागच्या घरांच्या रांगेतून कुणीतरी तेच म्हणालं होतं. पुरुषाचा आवाज, वयस्क, घाई नसलेला. मी डोंगराचा प्रतिध्वनी समजले. नंतर सगळे खाली उतरत असताना मी मागे राहून "हॅलो" ओरडून पाहिलं. माझा आवाज समोरच्या कड्यावरून परत आला, चांगला एक सेकंद उशिरा. प्रतिध्वनी नंतर येतो. आधी येत नाही.

खाली मी दादांना बाजूला घेतलं आणि विचारलं. त्यांनी नाटक केलं नाही. "ऐकू आलं तुला? बहुतेकांना नाही येत," म्हणाले आणि सांगू लागले.

दोन हजार बाराच्या जानेवारीत ते मराठी मंडळाच्या लोकांना घेऊन इथेच आले होते. बरोबर बायको कुंदावहिनी आणि पाच वर्षांची मुलगी केया. वर घरांमधून लपाछपी खेळताना केया हरवली. तीन तास चाळीस माणसं ती घरं धुंडाळत होती, पोलीस वाटेवर होते. तेव्हा दादांना त्यांचे वडील आठवले. म्हैस हरवो की माणूस, वडील आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालायचे. दादांनी डब्याबरोबर आणलेला नारळ घेतला, या उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि वडिलांचे शब्द जसेच्या तसे उच्चारले. "माजा चेडू माका गावांदे. तुजी राखण माज्या घराण्याकडसून वर्षाक वर्ष चलात."

मुलगी सापडू दे, तुझी राखण माझ्या घराण्याकडून वर्षानुवर्षं चालेल. कोकणात हे वाक्य शेकडो वर्षं चाललंय, कारण तिथे घराणं जागचं हलत नाही. मुरलीधर परब दोन वर्षांच्या व्हिसावर होते. परक्या देशात, परक्या गावात, पुढच्या वेळी शिक्का बसेल की नाही याची खात्री नसलेल्या माणसाने घराण्याचा शब्द देऊन टाकला. शिवाय त्या गावाने तोवर कुणाकडे काही मागितल्याचं कुणाला माहीत नव्हतं. मागायची सवय त्याला यांनी लावली.

केया त्याच उंबऱ्याच्या आत बसलेली सापडली. ते घर तोपर्यंत सहा वेळा बघून झालं होतं. रडलेली नव्हती, तहानलेली नव्हती. वडिलांकडे बघून म्हणाली, "ही सेड वेट फॉर बाबा." कोण म्हणालं, ते तिला सांगता आलं नाही.

मला तेव्हा दादांचा राग आला. शिकलासवरला माणूस, घाबरलेल्या पोरीचं बोलणं धरून दरवर्षी इथे नारळ वाढवतो. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण मी थांबून बघू शकत नाही ना."

त्यांना थांबून बघावंच लागलं. दोन हजार एकवीसच्या जानेवारीत घरात तिघांनाही कोविड झाला आणि राखण चुकली. ठरलेला दिवस उलटून तीन दिवस झाले होते. केया चौदा वर्षांची, आपल्या खोलीत ऑनलाइन वर्गात बसलेली. बाराला ती वर्ग चालू ठेवून उठली, अनवाणी तीन मजले उतरली आणि पार्किंगमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. गाडीला कुलूप होतं, किल्ली वर फ्रिजवर होती. वहिनी धावत खाली गेल्या तेव्हा ती बेल्ट लावून समोर बघत बसली होती. "वी आर लेट, आई," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. बाहेर पडायची परवानगी मिळाली त्या दिवशी दादा एकशे एक ताप अंगात घेऊन हैल सुवैदला गेले. त्यानंतर केया पुन्हा उतरली नाही आणि तिला यातलं काही आठवतही नाही.

हे मला वहिनींनी सांगितलं आणि त्यांच्यावर मी हसू शकले नाही. त्या देवभोळ्या बाई नाहीत, बँकेत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी केयाला त्या डोंगराच्या रस्त्यालाही जाऊ दिलं नव्हतं.

गेल्या जानेवारीत दादा साठीला पोचले आणि कारखान्याने निरोप दिला. पुण्यात धायरीला फ्लॅट घेऊन ठेवलेला होता. केयाला मँचेस्टरला प्रवेश मिळाला होता. तिघांचेही व्हिसे संपत होते आणि राखण द्यायला मागे कुणी उरत नव्हतं. दादांना स्वतःची काळजी नव्हती. "मी नाही दिली तर तो माझ्याकडे येणार नाही सुचित्रा, तिच्याकडे जाईल. ती मँचेस्टरमध्ये एकटी कुठल्या गाडीत जाऊन बसेल?" मी त्यांना म्हटलं, सोडवणूक मागा. हे मी बोलले, ज्या मला असल्या गोष्टींचं हसू यायचं त्या मीच. आणि दादा म्हणाले, मागायची तर जिच्यासाठी शब्द दिला ती समोर हवी, तशी रीत आहे.

वहिनी कशाबशा तयार झाल्या. गुडघ्यांमुळे त्यांना चढ झेपत नाही, म्हणून त्या खाली लियाकतच्या केबिनपाशी डबे घेऊन बसल्या. लियाकतने त्यांना खुर्ची दिली आणि आमच्याकडे बघून नुसतं "यल्ला, जल्दी आना" म्हणाला. आम्ही तिघं वर गेलो, दादा, केया आणि मी.

स्वच्छ ऊन होतं. वारा नव्हता. बुरुजावर एरवी कबुतरं असतात, त्या दिवशी एकही नव्हतं. केया फोनवर बोटं फिरवत होती, तिला हे सगळं बाबांचं एक सेंटिमेंटल प्रकरण वाटत होतं. दादांनी उंबऱ्यावर नारळ ठेवला.

"बा म्हाराजा, तेरा वर्षा जमात तशी तुजी राखण केलंय. आता ह्या मुलखातलो माजो शेर सरलो. माका आनि माज्या चेडवाक मोकळा कर."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. माझा एकटीचाच आवाज. इतकी वर्षं मी दर जानेवारीत ऐकलेला, आमच्या आधी येणारा होकार आला नाही. आम्ही थांबलो. घड्याळात बघायची मला हिंमत झाली नाही, पण बराच वेळ गेला.

दादांनी पुन्हा मागितलं. मग म्हणाले, मोकळं नको करू, मीच पुण्याहून दरवर्षी येईन, जीव आहे तोवर येईन, फक्त तिला सोड. मी होकार भरला. घरं गप्प होती. मला स्पष्ट कळत होतं की तिथे कुणीतरी ऐकतंय आणि मुद्दाम बोलत नाहीये. मी ऑफिसात माणसांना असं बसवून ठेवलेलं आहे, मला ती शांतता ओळखू येते.

मग दादा गुडघ्यांवर बसले. खडीत, उघड्या डोक्याने, आणि रडायला लागले. अठ्ठावीस वर्षांत या माणसाला मोठ्या आवाजात बोलताना सगळ्यांनी ऐकलं होतं, रडताना कुणीही नाही. केयाने फोन खाली केला. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी करीन म्हणून. मी काही केलं नाही. तिचा चेहरा रागाने लाल झाला, वडिलांना कुणी छळत असेल तर मुलीचा होतो तसा.

"ओके, फाइन," ती त्या रिकाम्या दाराकडे बघून म्हणाली. "आय विल कम. एव्हरी इयर. नाऊ लेट माय फादर गो होम."

"केया, नको," दादा ओरडले.

त्यांचं ओरडणं पुरं व्हायच्या आत होकार आला. एका घरातून नव्हे, सगळ्या घरांतून. म्हातारे, बायका, अगदी लहान मुलंसुद्धा, शाळेत हजेरीला देतात तसा एकदम. "व्हय म्हाराजा." मी कान झाकले आणि तरीही मला ऐकू येत होतं.

केयाला काही ऐकू आलं नाही. तिने वडिलांना दंडाला धरून उठवलं, पँटची खडी झटकली, "सी? खलास. चला, आईला भूक लागली असेल," म्हणाली आणि पुढे निघाली. दादा तिच्या पाठीकडे बघत उभे होते. त्यांनी मागितलेली सुटका झाली होती, पण ती एकट्या त्यांची, केयाची नाही. मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना. तिला इथे आणा हे रीतीने सांगितलं असेल, पण सोडवणूक मागा हे सांगणारी मीच होते. उतरताना दोनदा त्यांचा पाय घसरला. दोन्ही वेळा केयाने हात दिला आणि दोन्ही वेळा तो त्यांनी घट्ट धरून ठेवला.

खाली वहिनी उभ्या होत्या. डबे उघडलेले नव्हते. त्यांनी आधी केयाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग नवऱ्याकडे बघितलं. "दिली का हो त्याने सोडवणूक?"

दादा वाकून पँटवरची उरलेली खडी झटकू लागले. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"सुचित्रा, तू होतीस ना वर? आता सांग मला. सुटली ना माझी पोर?"

केया पलीकडे लियाकतच्या वहीत उतरण्याची वेळ लिहीत होती. त्याने तिला काहीतरी विचारलं असावं, कारण ती हसून म्हणाली, "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला." तिच्या आईला ते ऐकू गेलं नाही. मी वहिनींचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "हो वहिनी, सुटली."