सन्ने म्हणजे तरफ

“सन्ने अंद्रे एनु?” सरांनी मला उभं करून विचारलं.

म्हैसूरची कन्नड शाळा, नववीचा वर्ग, विज्ञानाचा तास. सन्ने म्हणजे काय, एवढाच प्रश्न. आमच्या घरी कापड रंगवायचा धंदा आणि भाषा मराठी, तीही अर्धी कन्नड. सन्ने म्हणजे खूण करणं, एवढंच मला ठाऊक. मी हात हलवून खूण करून दाखवली.

वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. तेही मराठीच, पण वकील-मास्तरांच्या घरातले. वर्षभरात माझ्याशी कधी मराठी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, फक्त मलाच कळावं म्हणून.

“रंगाऱ्यांच्या पोरींना खुणा करणंच यायचं. सन्ने म्हणजे तरफ. आणि त्या निळ्या हातांनी तराजूला शिवायचं नाही. हात स्वच्छ होतील तेव्हा प्रॅक्टिकलच्या वहीवर सही.”

सही नाही तर परीक्षा नाही. नीळ नखांत मुरलेली असते, ती काय साबणाने जाते? त्यांनाही ते ठाऊक होतं.

घरी आले तर आई अंगणात कापड पिळत होती. ओलं लुगडं खुंटीला अडकवायचं, दुसऱ्या टोकाच्या फासात काठी घालायची आणि ती फिरवत पीळ द्यायचा. काठी मधेच मोडली होती, आई त्यातला आखूड तुकडाच वापरायची. रोज खांदा धरून बसायची. मी बघत राहिले. अरे, हीच की ती सन्ने!

पट्टी आणि विज्ञानाचं पुस्तक आणलं, त्यातलं तरफेचं सूत्र लावलं. पिळाच्या मध्यापासून आईचा हात सहा इंचांवर, पिळाची निम्मी जाडी दीड इंच. सहा भागिले दीड, चार. यांत्रिक फायदा चार. हात पंधरा इंचांवर गेला तर दहा. मी जुन्या खाटेचा दांडा काढून तिच्या हातात दिला. आईने पीळ दिला, थांबली, पुन्हा दिला. हात लांबून फिरवावा लागत होता, पण जोर निम्म्याहून कमी. त्या दिवशी खांदा धरून बसली नाही. मला मात्र संताप आला. हे गणित सर वर्षानुवर्षं शिकवत होते, आमच्याच गल्लीतून जात-येत होते. कुणाला एकदा सांगावंसं वाटलं नाही.

सरांचं बोलणं ऐकून आई म्हणाली, “सुम्ने रहा गं, वाद घालू नको.” सुम्ने म्हणजे गप्प. तिचं आयुष्य त्यातच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो दांडा सरांच्या टेबलावर ठेवला. निळे डाग पडलेला.

“उचल ही घाण.”

“सर, ही सन्ने. यांत्रिक फायदा दहा. मोडक्या काठीचा चार होता.” मी मुद्दाम कन्नडमध्ये बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. “हात असेच राहतील. सही करा.”

केली नाही. मग मी बाकावर बसलेच नाही. दांडा आणि वही घेऊन मुख्याध्यापिकांच्या दारात उभी राहिले. काल मराठीत काय म्हटलं गेलं, ते शब्दन्‌शब्द कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी सरांना बोलावलं. सही तिथे, माझ्यासमोर झाली. माफी कुणी मागितली नाही.

आज विजयनगरच्या एका शाळेत मी हाच धडा शिकवते. तराजूला पहिला हात लागतो तो ज्याचा मळलेला असेल त्याचा. सरांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.