मालनची पिशवी

“रिकामंच भांडं आणलंत की, आजोबा.”

मालनला गाडीतून खाली घ्यायच्या आधी डॉक्टर असं बोलला. मालन माझी बायको. सकाळी लासुर्ण्यात घरी वारली, दुपारी आम्ही तिला मेडिकल कॉलेजच्या मागच्या दाराला आणली. बारामतीच्याबी पुढं हाय ते कॉलेज. नाव सांगत नाही. तिनं देह शिकायला दिला होता. माणसाचं शरीर शिकवणारा हा डॉक्टर दारात कागद घेऊन उभा. तो विचारत होता, मी सांगत होतो. वय काय. रोग कुठला. ऑपरेशन काही झालेलं?

“गर्भाची पिशवी काढलेली हाय.”

“कितव्या वर्षी?”

“तेविसाव्या.”

तेव्हा तो हसला आणि ते भांड्याचं बोलला. मग शेजारच्या पोरगेल्या डॉक्टरला म्हणाला, “यांच्या वस्त्यांवर हेच असतं. वरचं चालेल, खालचं काही कामाचं नाही.”

खालचं काही कामाचं नाही. माझी बायको पुढ्यात पडलेली. मेलेल्या माणसाच्या घरच्याला जिकडं ओढाल तिकडं तो जातो. दाखवली तिथं सही केली. परत आलो.

पिशवी कशी गेली ते सांगतो. मी कारखान्याला ऊस भरायचो, मालन तोडायची. दोन पोरं झालेली. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. पाळीत कामाला एखादा खाडा झाला की दुसऱ्या दिवशी टोळीचा मुकादम सगळ्यांदेखत विचारायचा, “काल कुणाची गाडी पंक्चर होती गं?” गडी हसायचे. बाया खाली बघायच्या. त्याच मुकादमानं तिला इंदापूरला एका दवाखान्यात धाडलं. मी उसाच्या ट्रॉलीबरोबर कारखान्यावर वजनाच्या नंबरात अडकलेलो. तिथल्या डॉक्टरनं तिच्या पोटाला हातसुद्धा लावला नाही. खुर्चीतूनच बोलला, “दोन पोरं झाली ना? मग पिशवीचं काय लोणचं घालायचंय? ठेवलीस तर कॅन्सर होईल.”

ती म्हणाली, “दुसरं औशीद न्हाय का?”

“डॉक्टर तू का मी?”

मी आलो तेव्हा तिच्या पोटाला टाके होते.

गावातल्या बागायतदारांच्या बंगल्यातल्या बायांचीबी कंबर दुखायची. त्यांना गोळ्या. आमच्या वस्तीत घरटी एक बाई अशी पोटाला शिवलेली.

तिशीच्या आत तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. थंडीत चौकटीत जाऊन बसायची. चाळिशीत पाठ वाकली. एकदा परात उचलताना मनगट मोडलं. नुसती परात. बारामतीला नेलं, तिथं एक डॉक्टरीणबाई भेटली. तिनं पहिल्यांदा मालनला नीट तपासलं. भिंतीवर बाईच्या पोटाचं चित्र होतं, त्यावर पेन ठेवून दाखवलं. ही पिशवी. ही दोन्ही बाजूंना अंडाशयं. म्हणाली, “मावशी, तुमचं हे सगळंच काढलंय. हाडं त्यामुळं ठिसूळ झाली. एवढ्यासाठी काढायची गरज नव्हती.”

मालन चित्राकडं बघत राहिली. “एवढंसं असतंय व्हय?” म्हणाली.

घरी आलो. भाकरीला बसली तेव्हा बोलली. “मी मेल्यावर मला शिकाय द्या. जित्तेपणी न इचारता कापली. आता मी सांगते म्हणून कापू दे. पोरास्नी दिसू दे माझ्या पोटात काय न्हाय ते. का न्हाय, ते मास्तर सांगंलच की त्यास्नी.”

मी म्हणालो, “आन् हाडकं? मला काय उरंल?”

“आत्ताच हाडांची काळजी लागली व्हय? कवा पाठ चोळली न्हाय ती.”

असं बोलून हसली. पण बोललेलं सोडलं नाही. मरेपर्यंत चारचौघांत सांगत राहिली. तिला स्वर्ग नको होता. आम्ही बौद्ध, तसलं काही मागत नाही. तिला एवढंच पाहिजे होतं की शिकणाऱ्या पोरांनी तिचं पोट बघावं आणि त्यांना कुणीतरी खरं सांगावं.

म्हणून मी भांड्याचं बोलणं गिळलं. लोकांचंबी गिळलं. भावकी म्हणाली, म्हातारीला कापायला घातली. पोरगा म्हणाला, “आबा, मला बाहेर तोंड दाखवता येईना.” मी म्हणायचो, थांब. शिकू दे पोरांना.

वर्षभरानं कॉलेजातून बोलावणं आलं. देह दिलेल्यांच्या घरच्यांचा सत्कार. मोठा वर्ग, पायऱ्यापायऱ्यांची बाकं, पोरं-पोरी पांढऱ्या कोटात. पुढं टेबलावर मेलेल्यांचे फोटो, हार घातलेले. मालनचा फोटो कडेला.

कार्यक्रमाच्या आधी एक पोरगी माझ्याजवळ आली. वाकून नमस्कार केला. म्हणाली, “आबा, मी डाळजची, आपल्याच तालुक्यातली. आज्जीच्या हातावर विंचू गोंदलेला होता का?”

“व्हय.”

“मग त्या आमच्या टेबलावर होत्या.”

तिला बसवून घेतलं. विचारलं, काय काय शिकलात माझ्या बायकोकडून? पोरगी सांगायला लागली. आधी हात. गोंदलेलं कातडं त्यांनी न फाडता उलगडून बाजूला ठेवलं होतं. मग छाती. मग पोट. जठर, यकृत, आतडं कुठून कसं फिरतं, पाठीला चिकटलेली मूत्रपिंडं. सगळं तिच्यात बघितलं, म्हणाली. मी ऐकत होतो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

“आन् ओटीपोट?”

पोरगी कोटाचं बटण चाळवायला लागली.

“बोल की बाळा.”

“त्या दिवशी सरांनी आधी लेक्चर घेतलं. मग आमच्या टेबलाला म्हणाले, इथं बघण्यासारखं काही नाही, पलीकडच्या टेबलावर जा. आमी तिकडच्या बाईचं बघितलं. आज्जीवर कापड टाकलं.”

“पिशवी का न्हाय, ते सांगितलं?”

“नाही.”

“तुमी कुणी इचारलं?”

ती रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं निदान येऊन सांगितलं.

पण मला दिसायला लागलं. सगळी पोरं पलीकडं वाकलेली. माझी मालन एकटी, कापडाखाली. ज्या जागेसाठी ती तिथं आली, तेवढीच जागा झाकलेली.

माझं नाव पुकारलं. स्टेजवर तोच डॉक्टर, हातात शाल-नारळ. माइकवर म्हणाला, “या अशिक्षित माउलीनं आपल्याला केवढं मोठं दान दिलं.” शाल माझ्या खांद्यावर टाकायला आला. मी त्याचा हात धरला.

“शाल नको,” मी म्हणालो. माइक पुढ्यातच होता. “पोरांनो, टेबलावर तुमाला बघण्यासारखं काय न्हाय असं सांगितलं. तितंच बघायचं होतं. ती पिशवी रोगानं गेली न्हाय. तुमच्यासारख्याच कोट घातलेल्या माणसानं, हात न लावता, खरं न सांगता काढली. आमच्या वस्तीत घरटी काढली. मास्तर, हे त्यास्नी शिकवा. आत्ता शिकवा.”

“आजोबा, हा कृतज्ञतेचा कार्यक्रम आहे,” तो हळू म्हणाला आणि माइक काढून घेतला. मग मोठ्यानं म्हणाला, “आजोबा भावनिक झालेत. आपण समजू शकतो.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी. मी रडतोय असं त्यांना वाटलं.

मी शाल टेबलावर ठेवली. मालनचा फोटो उचलला, हार काढला, काखेत धरला. एक शिपाई म्हणाला, “बाबा, फोटो कॉलेजचा आहे.” मी म्हणालो, “बायको माझी हाय.” त्यानं सोडलं.

माझ्या बोलण्यानं काही झालं नाही. नंतर कुणी फोन केला नाही. त्या वर्गात पुढची पोरं आली असतील, त्यांनाबी तेच लेक्चर. मालनचं जे उरलं ते कॉलेजच जाळणार, मला कळवणारबी नाही.

आणि वस्तीत तेच चाललंय. गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याच्या बायकोला, रेखाला, इंदापूरला दुसऱ्या एका डॉक्टरनं तेच सांगितलं. काढा, नाहीतर कॅन्सर. मी बरोबर गेलो. म्हणालो, “काय झालंय ते आधी दाखवा.” तो म्हणाला, “म्हातारबा, बाहेर बसा.” बाहेर पुतण्या माझ्यावरच ओरडला, “तात्या, तुमचं दुःख आमच्या घरात आणू नका. तिला तोडीला टोळीबरोबर जायचंय.” आठवड्यात रेखाला शिवून आणली. समोरच्या ओट्यावर पडून असते. मी गेलो की तोंड फिरवते. सव्वीस वर्षांची बाई.

माझं ऐकून एक बाई वाचेल, असं मला वाटत नाही. तसं सांगणारा कुणी आला तर त्याला मी खोटा म्हणेन. पण आता मी गप्प बसायचो नाही. पुढची बाई दवाखान्याला निघाली की मी तिच्याबरोबर निघणार. बाहेर काढतील. मग दारात बसणार. आत जाणाऱ्या बाईला सगळ्यांदेखत विचारणार, तुझ्या पोटात काय झालंय ते डॉक्टरनं तुला दाखवलं का? नसंल दाखवलं तर सुरी लावू देऊ नको.