चिमट्याच्या चोचीतलं कुसळ

चांगुणाबाईंच्या वाती अजून निम्म्याच झाल्या होत्या. लाख वातींचा नेम धरलेला. रोजच्या हजार वळून झाल्याशिवाय चहाला शिवायचं नाही. बोटांना भस्म लावून त्या कापूस वळत होत्या आणि शेजारी त्यांचा लेक भुजंग डॉक्टरांसाठी केलेला नवा चिमटा फडक्यानं पुसत होता. कारखान्यांची वीज बंद ठेवायचा, लाइटीच्या सुट्टीचा वार, म्हणून एमआयडीसी बंद होती.

"दे बरं इकडं. वात धरती का तुझी सांडशी, बघू," म्हणत बाईंनी चिमट्यानं कापसाचा पुंजका उचलला. सोडायला गेल्या तर सुटेना. एक तंतू चोचीतच लोंबत राहिला.

"भुजंगा, हिला तर दात आले रे!"

"मंग आत्या, जावळ काढायचं कधी?" चुलीपासून सून शिवकन्या बोलली, आणि दोघी हसल्या.

भुजंग हसला नाही. त्यानं चिमटा उजेडाकडं धरला. डोळ्याला काही दिसेना. नखाला मात्र लागलं: चोचीच्या आतल्या कडेला, घासताना राहिलेलं लोखंडाचं कुसळ.

भुजंग जालन्यात बियाण्याच्या कारखान्यात फिटर. तीन वर्षांमागं, एक्क्याण्णव साली, त्याचे वडील रामराव दवाखान्यात होते. लघवीची नळी कुशीवर वळताना दोनदा ओढली गेली आणि रक्त आलं. भुजंगानं पत्र्याची चिमुकली पकड आणि सुती पट्टी करून नळी मांडीला अशी धरून ठेवली, की ओढली जाईना आणि दबेहीना. सर्जन डॉक्टरांनी ती पकड हातात घेऊन नुसतं विचारलं, "कुणी केली ही?" रामराव पुढं गेले ते गेलेच, पण डॉक्टर भुजंगाला विसरले नाहीत. ऑपरेशनात रक्ताची शीर बंद करायला तिच्यावर क्लिप बसवायचा त्यांचा परदेशी चिमटा ढिला झाला, तेव्हा तसाच नवा करायला त्यांनी त्यालाच बोलावलं.

आठ महिने तो त्यापायी झिजला. सांडशीसारखं मागून आवळलं की शीर पुढून निसटते, म्हणून चोचीची टोकं आधी मिटली पाहिजेत, हे त्यानं चार चिमटे बिघडवून शिकून घेतलं. तपासायला सायकलीची व्हॉल्व्हट्यूब घ्यायचा. तिच्यात पाणी भरायचं, क्लिप बसवायची, फुंकायचं. थेंब गळला नाही की चिमटा पास.

पण रबर फार सोशिक. ओरखडा गिळून टाकतं. माणसाची शीर थोडीच रबराची असते?

आणि याच्याच जोडीचा चिमटा डॉक्टरांकडं होता. आठ दिवसांपूर्वी वडीगोद्रीच्या दुर्गाबाईची पित्ताची पिशवी काढली, ती त्याच चिमट्यानं क्लिपा बसवून.

तोच दगड, तीच कानस, तेच हात. त्याच्यात कुसळ नसेल कशावरून? काही झालं असतं तर डॉक्टरांनी निरोप धाडला असता, असं त्यानं मनाला सांगून बघितलं. मन ऐकेना. देव्हाऱ्याकडं बघितलं तर तोंडात नाव येईना.

"काय झालं रे? तोंड असं का केलंस?" आईनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. बाईंच्या हातातली वात तशीच राहिली.

"मंग बसलास का असा? देवाला काय सांगायचं ते मी सांगते. तू डॉक्टरला सांग, ऊठ!"

सायकल इतकी जल्दी त्यानं कधी हाणली नव्हती. दवाखान्यात डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला निघाले होते. भुजंगानं धापा टाकतच कुसळाचं सांगितलं. डॉक्टरांनी कपाटातला चिमटा मागवला, ड्रेसिंगचा कापूस त्याच्या चोचीवरून हळूच ओढला. तंतू अडकला.

आता हा माणूस आपल्याला दाराबाहेर काढणार, असं भुजंगाला वाटलं.

"भिंग माझ्या टेबलावर होतं," डॉक्टर म्हणाले. "मी पण बघितलं नाही."

"बाई... बराबर आहे ना, साहेब?"

"काल घरी सोडली. चालत गेली. बहुतेक काही नाही. पण शिरेला ओरखडा असला तर कधी कधी दहा-बारा दिवसांनीही ती फुटते. बहुतेकवर मला झोप येणार नाही, भुजंग."

त्यांनी वडीगोद्रीच्या हमरस्त्यावरच्या दुकानाला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. आत टेबलावर पेशंट थांबलेला. डॉक्टरांनी उभ्या उभ्याच बाईच्या घरच्यांना चिठ्ठी लिहिली, वर पत्ता टाकला.

"पापणी ओढून बघ. आतून पांढरी दिसली, चक्कर येते म्हणाली, पोट ताठ लागलं, तर बसची वाट बघायची नाही. जीप कर. आणि बाई ठणठणीत दिसली तरी घेऊनच ये."

"तिला चिमट्याचं सांगू का?"

"सांग. पण आधी गाडीत बसव."

भुजंगाला विचारायचं होतं, की मी पोचायच्या आधीच काही झालं असलं तर? पण डॉक्टर आत गेलेही होते. चिठ्ठी घामानं भिजू नये म्हणून त्यानं ती पिशवीत ठेवली. सायकल दवाखान्याच्या भिंतीला तशीच सोडली आणि तो बसस्टँडकडं पळाला. वडीगोद्रीला जाऊन दुर्गाबाईला जालन्याला घेऊन यायचं होतं.